लोणच्याच्या बरणीत ब्रेक ऑइल

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे. माझ्या अंगावर एक तडा दाखवा आणि मग बोला. तोंड रुंद, पोट मोठं, तळ जाड, आणि पोटातलं सगळं बाहेरून स्वच्छ दिसतं. हल्ली किती जणांबद्दल असं सांगता येईल?

आज मी तुम्हाला माझी हकिकत सांगणार आहे. मधे बोलू नका, मला सवय नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. वाळू, सोडा, चुना आणि फुटक्या बाटल्यांचा चुरा एकत्र तापवला, त्याचा लाल रस झाला, तो साच्यात पडला आणि आतून हवा फुंकून माझं पोट तयार केलं. मग आम्हाला हळूहळू निववत नेलं. ज्यांना निवायची घाई झाली त्या तिथेच तडकल्या. मी धीर धरला, म्हणून आज बोलते आहे. माझ्याबरोबरच्या काही जणी जॅमकडे गेल्या, काही मधाकडे. मी लोणच्याकडे गेले. शाळा मी पाहिलेली नाही. पोटावर ‘कैरीचे लोणचे’ असा कागद चिकटवला होता, तेवढीच माझी अक्षरओळख. पण नुसतं बघून जे कळतं, ते मला पुष्कळ कळतं.

ठाण्याच्या एका दुकानातून मला संजीवनीबाईंनी घरी नेलं. त्या आमच्या घरातल्या मोठ्या. त्यांनी आतलं लोणचं चाखलं, तोंड वाकडं केलं आणि हे करणाऱ्याने जन्मात कैरी पाहिली आहे का, असं सगळ्यांना विचारलं. मग मला उजेडात धरून फिरवलं आणि म्हणाल्या, बरणी मात्र चांगली आहे. त्या दिवसापासून आमचं जमलं. आमचा स्वभावच एक. दोघींनाही कोणी आदळलेलं चालत नाही.

पुढे कित्येक वर्षं माझ्यात बाईंचं लिंबाचं गोड लोणचं मुरलं. खिडकीतल्या उन्हात मी बसायची आणि माझ्या पोटात फोडी हळूहळू मधासारख्या व्हायच्या. येणारा जाणारा आधी माझ्याकडे बघायचा आणि मग बाईंकडे. चव बाईंची होती, पण दिसायचं ते माझ्यामुळे. कौतुक निम्मं माझं, असं मी धरून चालते.

मग बाईंचा मुलगा निशिकांत नोकरीसाठी सिंगापूरला आला, त्याच्यामागून त्याची बायको उल्का आली, आणि नात झाल्यावर बाईही इथे राहायला आल्या. येताना त्यांनी मला जुन्या सुती साडीत गुंडाळून हातातल्या पिशवीत घेतलं. आत चमचाभर साखर होती. बाईंच्या घरचा नियमच आहे. घरातून बरणी, डबा, भांडं बाहेर पडलं तर ते रिकामं पडत नाही. काही नाही तर साखर घालायचीच. विमानतळावरच्या माणसाने ही पांढरी पूड कसली म्हणून विचारलं, तेव्हा बाईंनी त्याला तो नियम मराठीतून सविस्तर सांगितला. मागे रांग लागली होती. लागू दे, म्हणाल्या.

आम्ही सेंगकांगला राहतो. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीतून एलआरटी, म्हणजे इथली छोटी आगगाडी, दिसते. तिला ड्रायव्हर नसतो. बाईंचा तिच्यावर अजून विश्वास बसलेला नाही. इथल्या स्वयंपाकघरात मी आले तेव्हा फळीवर सगळे प्लॅस्टिकचे डबे होते. एकदा हळद लागली की जन्मभर पिवळे राहणारे, आणि झाकण दुसऱ्याचं चोरणारे. मी त्यांच्याशी बोलत नसे. रविवारी विद्यापीठात शिकणारी मराठी मुलं जेवायला यायची आणि थालीपिठाबरोबर माझ्यातलं लोणचं असं काही खायची, की बाई वरवर रागवायच्या आणि आतून फुगायच्या. ते माझे चांगले दिवस.

पुढे डॉक्टरांनी बाईंना मीठ कमी करायला सांगितलं. लोणचं बंद झालं. मला घासून, पुसून वरच्या कपाटात टाकलं. काही दिवस मी रिकामी होते, ते परवडलं. मग माझ्यात रबरबँड आले, संपलेल्या बॅटऱ्या आल्या, कुठल्याच कुलपाला न लागणारी एक किल्ली आली. मित्रांनो, ज्या पोटात लिंबू मुरलं त्या पोटात बॅटऱ्या! पण मी कोणाकडे तक्रार करणार? प्लॅस्टिकच्या डब्यांना तर आनंदच झाला होता.

आता उल्काबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

उल्का रॅफल्स प्लेसला एका बँकेत कॉम्प्युटर विभागात मोठ्या हुद्द्यावर आहे. चाळिशी उलटल्यावर तिने इथे रीतसर मोटरसायकल शिकून लायसन्स काढलं आणि एक जुनी लाल मोटरसायकल घेतली. बाकीचे एमआरटीने, म्हणजे मेट्रोने जातात, ही हेल्मेट घालून जाते. एकदा ती स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता आपल्या बहिणीला फोनवर सांगत होती, की ऑफिसमध्ये सगळे काहीतरी मागतात, घरी सगळे काहीतरी मागतात, त्या गाडीवर तेवढं कोणी काही मागत नाही. मी कपाटातून ऐकलं. मला पटलं. मीही एके काळी उन्हात एकटी बसायची.

निशिकांतला ती गाडी पहिल्यापासून नको होती. तो जुरोंग आयलंडवर एका कारखान्यात इंजिनिअर आहे. कंपनीची बस त्याला नेते आणि आणून सोडते. माणूस वाईट नाही. काळजी वाटली की तो ती सांगत नाही, हुकूम सोडतो, एवढंच. हे त्याने कोणाकडून घेतलं ते मी सांगणार नाही. मला बाईंच्या घरात राहायचं आहे.

झालं असं, की उल्काच्या गाडीचा पुढचा ब्रेक मऊ पडला. दांडी दाबली की ती नुसती हँडलकडे जायची, चाकाला मात्र पत्ता नसायचा. आज बघू, उद्या बघू करता करता एका संध्याकाळी कार पार्कच्या तोंडाशी गाडी थांबायच्या जागी थांबली नाही आणि झुडपात शिरली. उल्काला खरचटलंसुद्धा नाही. पण बाई तेव्हाच खालच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं.

रात्रीच्या जेवणाला निशिकांतने सांगून टाकलं. त्याच्या कंपनीतल्या चंद्रशेखरला अशीच गाडी हवी होती, त्याच्याशी बोलणं झालं होतं, रविवारी सकाळी तो येऊन घेऊन जाणार होता.

उल्काने हातातला घास खाली ठेवला. “मला विचारलंस?”

“झुडूप होतं म्हणून बरं. तिथे माणूस असता तर? तुला गाडी चालवता येते, पण तिच्या आत काय बिघडलंय ते कळतं का?”

“नाही कळत. कळून घेईन. ब्रेक मी स्वतः नीट करते. रविवारी चंद्रशेखरनाच चालवून बघू दे. ब्रेक धड नसेल तर ते गाडी घेऊन जातील, मी एक शब्द बोलणार नाही.”

“आणि असला तर?”

“तर गाडी माझी.”

नात गार्गी इथल्या शाळेत शिकते. ती इथल्या बोलीत म्हणाली, “ममा कॅन, लाह,” म्हणजे आईला जमेल, आणि बापाने बघितल्यावर पुन्हा वरणभातात शिरली. बाई काहीच बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की आमच्या घरात भांडीसुद्धा वाजत नाहीत.

गाडी खुशाल गॅरेजमध्ये न्यायची होती, असं तुम्ही म्हणाल. उल्काने फोन केले होते. रविवारच्या आत कोणालाच वेळ नव्हता. पण मला वाटतं, वेळ असता तरी ती गेली नसती. तिला ‘कळतं का’ हा शब्द लागला होता. शब्द लागलेली बाई मी ओळखते.

शनिवारी निशिकांत कामावर होता. सकाळीच उल्काने कपाट उघडलं, मला खाली उतरवलं आणि माझ्यातला सगळा कचरा ओतून दिला. मला साबणाने घासलं, पुसलं, मग पंख्याखाली ठेवून अगदी कोरडं केलं. पाण्याचा थेंब राहता कामा नये, असं स्वतःशी बोलत होती. मित्रांनो, मला काय वाटलं असेल? बरणी एवढी कोरडी कशासाठी करतात? लोणच्यासाठी! आदल्याच दिवशी शेजारच्या ब्लॉकमधल्या कस्तुरीने बाईंना फोनवर सांगितलं होतं, की कमी मिठाचं लोणचं घातलंय, बरणी पाठवा. मी मनात म्हटलं, चला, आपले दिवस परत आले.

मग उल्काने माझ्या झाकणाला खिळ्याने भोक पाडलं. लोणच्याला भोक कशाला, ते मला समजेना. झाकण तिने पिशवीत टाकलं. फुटू नये म्हणून मला निशिकांतचा एक जाड मोजा घातला आणि दाराजवळ चपलांच्या फळीवर ठेवून ती जुनी वर्तमानपत्रं शोधायला आत गेली.

तेवढ्यात बाई आल्या. मला बाहेर निघालेली पाहून त्यांचाही चेहरा उजळला. कस्तुरीकडे निघालेली दिसते, म्हणाल्या. काचेला मोजा घालणाऱ्या सुनेबद्दल दोन शब्द बोलल्या, ते इथे सांगण्यासारखे नाहीत. मग मोज्याच्या तोंडातून आत वाकून बघितलं, मी रिकामी. झालं. स्वयंपाकघरात जाऊन साखर आणली, माझ्यात घातली आणि देवघरात निघून गेल्या. उल्का आली आणि तिने मला बगलेत मारलं. आत बघितलं नाही. स्वतः पुसलेल्या बरणीत कोण पुन्हा बघतं?

लिफ्ट खाली गेली. कस्तुरीचा ब्लॉक डावीकडे आहे. आम्ही उजवीकडे वळलो. कार पार्कमध्ये त्या लाल गाडीसमोर उल्काने वर्तमानपत्रं पसरली, मला चाकाशेजारी ठेवलं आणि एका नव्या बाटलीचं बूच फोडलं. तेलासारखं काहीतरी. पण वास घेतला आणि माझी खात्री पटली, की हे खाण्याचं नाही. तिने ते माझ्यात ओतलं. साखरेवर! खालच्या मजल्यावर उजेड कमी, माझ्या अर्ध्या अंगावर मोजा. तिला दिसणार तरी कसं?

आता ब्रेकचं मला जे कळलं ते सांगते. तुम्ही दांडी दाबता तेव्हा एक तेल नळीतून खाली चाकापर्यंत ढकललं जातं आणि ते ब्रेकला चाक धरायला लावतं. तेल दबत नाही, म्हणून जोर पोचतो. पण नळीत हवा शिरली तर सगळा जोर हवा खाते. हवा दबते, मऊ पडते, कोणाचंच काम करत नाही. अशी माणसंही असतात. म्हणून ती हवा काढावी लागते. चाकाजवळ त्यासाठी एक लहान स्क्रू असतो. उल्काने त्याच्या तोंडाला मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातली पारदर्शक नळी लावली. नळीचं दुसरं टोक माझ्या झाकणाच्या भोकातून आत सोडलं, थेट तेलात बुडेल असं. टोक वर राहिलं तर बाहेरची हवा पुन्हा आत जाईल ना!

मग ती उकिडवी बसली. उजव्या हाताने वरची दांडी दाबून धरायची, डाव्या हाताने पान्याने स्क्रू जरा सैल करायचा, तेल आणि हवा नळीतून माझ्यात येऊ द्यायची, स्क्रू आवळायचा, आणि मगच दांडी सोडायची. हा क्रम चुकला तर उलटं होतं. स्क्रू उघडा असताना दांडी सुटली तर माझ्यातलं तेल वर ओढलं जातं. माझ्यातलं, म्हणजे साखरेचं. नळीचं टोक नेमकं तळाशी, साखरेतच रुतलेलं होतं.

मी काय करणार? मला तोंड आहे, आवाज नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला प्लॅस्टिकची असते तर बरं असं वाटलं. निदान कलंडून पडले असते.

पहिल्यांदा नळीतून नुसता फेस आला. मग बुडबुडे, मोठे, एकामागून एक. माझ्यात येऊन वर जायचे आणि फुटायचे. जुनं तेल उकळलेल्या चहासारखं काळपट होतं. उल्का क्रम तोंडाने म्हणत होती, दाब, सैल, आवळ, सोड. वरच्या लहान भांड्यात नवं तेल घालत होती, कारण ते रिकामं झालं तर तिथूनही हवा शिरते. इथली हवा तुम्हाला माहीत आहे, सकाळीही अंगाला चिकटते. तिच्या कोपरावरून घाम टपकत होता. बुडबुडे लहान झाले, विरळ झाले. दांडी घट्ट व्हायला लागली. आणि तेवढ्यात तिचा घामेजला हात निसटला. स्क्रू उघडाच होता. माझ्यातलं तेल नळीतून सरसर वर चढलं. उल्काने झटकन स्क्रू आवळला. कुठवर गेलं? मला दिसलं नाही. काही गोष्टी काचेलाही दिसत नाहीत.

ती पुन्हा कामाला लागली. शेवटी दांडी दाबली तर ती मधेच थांबली, दगडासारखी. उल्का हसली. एकटीच.

तिकडे वर बाईंनी कस्तुरीला फोन केला होता, लोणचं किती मुरलंय ते विचारायला. कस्तुरी म्हणाली, उल्का तर आलेलीच नाही. बाई पायात चप्पल सरकवून खाली आल्या. सुनेला शोधत शोधत कार पार्कमध्ये पोचल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

“ही बरणी कस्तुरीकडे नेणार होतीस ना?”

“नाही हो, आई. ब्रेकसाठी आणली. बघा, लागला ब्रेक.”

“तिच्यात साखर आहे.”

“कुठली साखर?”

“आपल्या डब्यातली. कुठली असणार?”

उल्काने माझा मोजा खाली ओढला. तळाशी साखरेचा चिखल झाला होता आणि नळीचं टोक त्यात उभं होतं. ती मटकन वर्तमानपत्रावर बसली. बाईंनी उत्तर तयार ठेवलं होतं, मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. रिकामी बरणी घरातून न्यायची असते का, वगैरे. पण उल्का रागावलीच नाही, त्यामुळे ते उत्तर त्यांच्या तोंडातच राहिलं. उल्काने फक्त सांगितलं, की मघाशी हात सुटला होता, थोडं तेल वर गेलं, साखर आत गेली की नाही ते सांगता येत नाही.

बाईंनी पुढे होऊन स्वतः दांडी दाबून पाहिली. “घट्ट तर लागतेय. उद्या तो माणूस येऊन दाबेल, त्याला काय कळणार?”

“मला कळलंय ना, आई. गाडीवर मी बसते.”

बाई गप्प झाल्या. हे गप्प राहणं मात्र जेवणाच्या वेळचं नव्हतं. तेव्हा त्या सुनेवर रुसल्या होत्या. आता त्या तिच्याकडे बघत होत्या, मला दुकानात उजेडात धरून बघितलं होतं तसं.

“काय करायचं ते सांग,” म्हणाल्या.

उल्काने माझ्यातलं सगळं एका जुन्या कॅनमध्ये ओतून टाकलं, नळी फेकली, तिचा दुसरा तुकडा कापला. बाईंनी मला पुसलं. पाणी लावायचं नाही म्हटल्यावर कोरड्या फडक्याने आत मूठ घालून असं पुसलं, की कण राहिला नाही. तेल कमी पडणार होतं. उल्का चौकातल्या पेट्रोल पंपावर जाऊन सीलबंद बाटली घेऊन आली. तोवर बाई गाडीची राखण करत उभ्या होत्या. येणारे जाणारे बघत होते. बाईही त्यांच्याकडे बघत होत्या, मग ते बघायचे थांबत होते.

परत आल्यावर बाईंनी दांडी धरते म्हणून हात पुढे केला. उल्का म्हणाली, नको, हे मला एकटीलाच करायचंय, तुम्ही फक्त वरचं भांडं बघा, तेल खाली जाऊ देऊ नका. आयुष्यभर दुधावर नजर ठेवलेली बाई ती. त्या भांड्यावरून डोळे हलले नाहीत. फरक एवढाच, की दूध वर येतं म्हणून धावायचं असतं आणि हे तेल खाली जातं म्हणून. “घाल,” म्हणायच्या, आणि उल्का हातातलं टाकून तेल घालायची. एकदा एक थेंब लाल टाकीवर पडला. हे तेल रंग खातं असं उल्का म्हणेपर्यंत बाईंनी तो ओल्या फडक्याने पुसून काढलाही होता.

या वेळी हात निसटला नाही. दर वेळी पान्याआधी उल्का तळवे पुसत होती. जेवढं लागतं त्याच्या कितीतरी जास्त तेल तिने माझ्यात येऊ दिलं. माझ्या पोटात बुडबुडे आले, मग थांबले, मग नुसतं स्वच्छ, फिकट पिवळं तेल येत राहिलं. एक कण नाही, एक बुडबुडा नाही. खात्री करायला उल्काने मला वर उचलून उजेडात धरलं. इतकी वर्षं कौतुकाची निम्मी वाटेकरी होते. त्या दिवशी साक्षीदार झाले.

नंतर तिने गाडी आधी नुसती ढकलून पाहिली, मग कार पार्कच्या मोकळ्या मजल्यावर अगदी हळू चालवून पाहिली. बाई खांबाआड उभ्या होत्या. गाडी थांबली तेव्हा त्यांनी धरून ठेवलेला श्वास सोडला. मी ऐकला.

रविवारी सकाळी चंद्रशेखर आला. स्वतःचं हेल्मेट घेऊनच आला होता, म्हणजे घेऊन जायच्या तयारीने. कुठे काही गळलं तर असावं म्हणून उल्काने हत्यारांचा खोका खाली आणला होता, त्यात मी. निशिकांतने आधी दांडी दाबली. ती मधेच थांबली, तसा त्याने बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा दाबली. कारखान्यात सगळा दिवस दाब बघणारा माणूस तो, त्याला कळलं.  चंद्रशेखर गाडी घेऊन गेला, चांगला फेरफटका मारून आला, वळणावरून येताना खास आमच्यासमोर कचकन थांबून दाखवलं.

“झकास लागतोय ब्रेक,” म्हणाला. “आता तर घेतोच.”

मित्रांनो, याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. गाडी बिघडलेली असती तर त्याने कदाचित नाकही मुरडलं असतं. उल्काने ती इतकी चांगली केली, की आता तो तिच्यावरून उतरेना. उल्का निशिकांतकडे बघत होती. निशिकांत जमिनीकडे. त्याने चंद्रशेखरला शब्द दिला होता आणि उल्काच्या अटीलाही तो नाही म्हणाला नव्हता, म्हणजे तोही शब्दच. दोन शब्द एका तोंडातले, आणि गाडी एक. तो म्हणायला लागला, की मी आधीच कबूल केलंय, त्याला आता नाही कसं म्हणू.

तेव्हा बाई पुढे झाल्या. त्यांनी रोजच्या साडीऐवजी सलवार कमीज घातला होता. त्या घरातून तशा निघाल्या तेव्हाच मला संशय आला होता. त्यांनी चंद्रशेखरपुढे हात केला.

“ते हेल्मेट द्या.”

त्याने गाडीवरून उतरून दिलं. बाईंना नाही म्हणायला वेळ लागतो, तेवढा त्याला मिळाला नाही. त्यांनी ते डोक्यावर चढवलं, पट्टा लावून घेतला, उल्काला पुढे बसायला लावलं आणि मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन सुनेच्या मागे बसल्या. ड्रायव्हर नाही म्हणून एलआरटीत बसताना देवाचं नाव घेणारी बाई! निशिकांत आई, आई करत राहिला. गाडी गेली. तो तिथेच उभा होता, कधी हात खिशात, कधी बाहेर. त्याला काय होत होतं ते मला माझ्यातल्या कालच्या तेलाइतकं स्वच्छ दिसत होतं.

त्या परत आल्या. उल्काने गाडी रेषेवर थांबवली. बाई उतरल्या, हेल्मेट काढलं, केस सारखे केले.

“निशी, ही गाडी ती दाबते तेव्हा थांबते. मी स्वतः बसून पाहिलं. काल माझ्या हातून चूक झाली, ती कोणाला कळली नसती. हिने सगळं ओतून टाकून पहिल्यापासून केलं. अशा बाईच्या मागे मी बसते. तू कशाला घाबरतोस?” मग चंद्रशेखरकडे वळून हेल्मेट परत दिलं. “गाडी विकायची नाही. तुम्ही वर चला, पोहे केलेत.”

“मला काळजी वाटते, एवढंच सांगायला हवं होतं तुला आधी,” निशिकांत उल्काला म्हणाला. चंद्रशेखर बराच वेळ गाडीकडे बघत राहिला, पण पोहे दोनदा घेतले.

माझं काय झालं म्हणाल, तर मी स्वयंपाकघरात परत गेले नाही. बाईंनी सवयीने मला सिंककडे नेलं होतं, उल्काने मधेच थांबवलं. हे तेल विषारी असतं, एकदा ते ज्यात गेलं त्यात पुन्हा खायचं काही ठेवायचं नाही. बाईंनी मला हातात धरून ठेवलं, जरा जास्तच वेळ. मग स्वतःच माझ्या गळ्यात लाल चिकटपट्टी गुंडाळली, कोणी चुकूनही उचलू नये म्हणून. कस्तुरीचं लोणचं प्लॅस्टिकच्या डब्यात आलं. मी त्यावर काही बोलणार नाही.

आता मी आमच्या बॉम्ब शेल्टरमध्ये, म्हणजे इथे घरोघरी असते त्या जाड दाराच्या कोठीच्या खोलीत, हत्यारांच्या खोक्याशेजारी राहते. तेल जुनं झालं की मला खाली नेतात. माझ्या वरच्या खुंटीला उल्काचं हेल्मेट असतं, आणि त्याच्या शेजारी आता बाईंचंही.

मित्रांनो, मी शिकलेली नाही, पण माझं एवढं ऐका. ब्रेक मऊ लागला तर उद्यावर टाकू नका. स्वतः करायचा असेल तर क्रम चुकवू नका, आणि चुकलात तर ओतून टाका आणि पहिल्यापासून करा. कोणी बघितलं नाही, हे कारण ब्रेकला चालत नाही. आणि मला ओळखून ठेवा. गळ्यात लाल पट्टी असलेल्या बरणीत लोणचं घालू नका. मी कितीही चांगली दिसले तरी नका.

सकाळी दार उघडतं, उल्का हेल्मेट घेऊन जाते आणि खुंटी रिकामी होते. मग मी दिवसभर अंधारात बसते. मला काही नको. संध्याकाळी ते हेल्मेट तेवढं त्या खुंटीला परत यायला हवं.